लिंबू शेवटी: कामाच्या दिवसांसाठी मंद आचेचं चिकन



आज स्वयंपाकघरात जायचं आहे. सकाळी नऊला घर सोडून रात्री आठला परत येणाऱ्या माणसांनी आठवड्याच्या मधल्या दिवशी घरचं, गरम, लिंबाच्या वासाचं चिकन कसं जेवावं, एवढाच आजचा प्रश्न. बेंगळुरूत हा प्रश्न घरोघरी आहे. व्हाइटफील्ड असो की बाहेरचा रिंग रोड, सिल्क बोर्डच्या चौकातून घरी पोचेपर्यंत माणसाचं अवसान गळालेलं असतं. मग हात आपोआप मोबाइलकडे जातो आणि साडेनऊला कोणीतरी पिशवी घेऊन दारात उभं राहतं. पुणे, इंदूर, हैदराबाद, बडोदा इथल्या मराठी घरांत काही फार वेगळं चालत असेल असं मला वाटत नाही.

त्यात आपल्याकडे वारांची अडचण. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. सगळे पाळणाऱ्या घरात कामाच्या दिवसांपैकी सामिष जेवायला उरतात बुधवार आणि शुक्रवार. म्हणजे आठवड्यात दोनच संध्याकाळी, आणि त्या वाया गेलेल्या परवडत नाहीत.

आधी एक शंका दूर करतो. प्रेशर कुकरमध्ये ब्रॉयलर चिकन पंधरा-वीस मिनिटांत शिजतं, मग सहा तास शिजवणारं यंत्र कशाला? प्रश्न बरोबर आहे. पण ती वीस मिनिटं फक्त शिट्ट्यांची. कांदा चिरणं, आलं-लसूण, परतणं, कुकर गार होण्याची वाट पाहणं धरलं तर पाऊण-एक तास जातो, आणि तो नेमका पोटात कावळे ओरडत असताना जातो. स्लो कुकर वेळ वाचवत नाही, उलट जास्तच घेतो. तो काम एका वेळेवरून दुसऱ्या वेळेवर हलवतो, रात्री आठचं काम आदल्या रात्री दहाला किंवा सकाळी सातला. फौजेत याला नियोजन म्हणतात. लंगर कमांडर दुपारच्या जेवणाचा विचार दुपारी करत नाही.

यंत्र साधं आहे. जाड चिनीमातीचं भांडं, त्याच्याभोवती तापणारी तार, वर काचेचं झाकण. घरगुती स्लो कुकर साधारण दोनशे-अडीचशे वॉटचा असतो. इंडक्शन शेगडी दोन हजारांपर्यंत जाते, त्यावरून अंदाज करा. सहा तास चालला तरी वीज सव्वा-दीड युनिटच्या आसपास. हल्लीच्या इलेक्ट्रिक मल्टिकुकरमध्येही ‘स्लो कुक’ असं बटण असतं, त्यावरही हेच करता येतं. फक्त काही मल्टिकुकर बुडातूनच तापतात, म्हणून त्यांत थोडं जास्त पाणी घाला.

‘लो’ आणि ‘हाय’ या दोन खुणांबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. ‘लो’ म्हणजे कमी तापमान आणि ‘हाय’ म्हणजे जास्त, असं वाटतं. बहुतेक यंत्रांत दोन्हींचं शेवटचं तापमान जवळपास एकच असतं, उकळीच्या थोडं खाली. फरक तिथे पोचायला लागणाऱ्या वेळेचा. ‘हाय’वर तीन-चार तासांत, ‘लो’वर सात-आठ तासांत.

आता उकळीचा विषय निघालाच आहे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून साधारण नऊशे वीस मीटर उंचीवर आहे. उंची दर तीनशे मीटरने वाढली की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. म्हणजे इथे पाणी सत्त्याण्णव अंशांनाच उकळतं. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, अठ्ठ्याऐंशीच्या आसपास. तिथे उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास उकळली तरी कणी मोडत नाही, म्हणून वरच्या चौक्यांवर प्रेशर कुकरला रायफलीखालोखाल मान. बेंगळुरूत तीन अंशांचा फरक पडतो, तो फार नाही. तरी मुंबईच्या किंवा परदेशी पाककृतीत ‘लो’वर पाच तास लिहिले असतील, तर इथे अर्धा तास जास्त धरा.

हे तंत्र काही अमेरिकेहून आलेलं नवल नाही. तापलेलं पातेलं गवतात किंवा भुशात गाडून ठेवायचं आणि त्याच्याच उष्णतेवर अन्न शिजू द्यायचं, ही युक्ती युरोपात जुनी आहे. दोन्ही महायुद्धांच्या काळात इंधन वाचवायला तिकडच्या घरांनी ती भरपूर वापरली. आपल्याकडे १९१० साली डॉ. इंदुमाधव मल्लिक या बंगाली गृहस्थांनी इकमिक कुकर काढला. खाली निखारे, बाहेरच्या नळकांड्यात पाणी, आत एकावर एक डबे, एकात भात, एकात डाळ, एकात भाजी किंवा मटण. निखारे घालून माणूस कामाला गेला की परत येईपर्यंत जेवण तयार. एकट्या राहणाऱ्या नोकरदारांची त्यानं मोठी सोय केली. ‘इकमिक’ हा शब्द जुन्या मराठी घरांतही ओळखीचा होता. ऐंशीच्या पुढच्या आजी-आजोबांना विचारून पाहा.

विजेच्या स्लो कुकरची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अर्व्हिंग नॅक्सन नावाचा ज्यू संशोधक शिकागोत राहायचा. त्याची आई लिथुआनियातल्या गावाकडच्या आठवणी सांगायची. शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मांस, कडधान्य, कंद असं सगळं एका भांड्यात भरून गावातल्या पावाच्या भट्टीत ठेवायचं, भट्टीच्या उरलेल्या धगीवर ते रात्रभर शिजायचं. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, तोच हा शनिवार. नॅक्सननं त्या भट्टीचं विजेवरचं छोटं रूप केलं, त्याला १९४० साली पेटंट मिळालं. १९७० साली रायव्हल या कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी ‘क्रॉक-पॉट’ या नावानं ते भांडं बाजारात आणलं. त्या काळात तिकडे बायका मोठ्या संख्येनं नोकरीला बाहेर पडत होत्या, आणि ते हातोहात खपलं.

तर आता चिकन. कुठलं घ्यायचं, यावर निम्मं काम अवलंबून आहे.

मांस मऊ होतं म्हणजे काय होतं? स्नायूंच्या मध्ये कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन असतं. साठ-पासष्ट अंशांपुढे ते हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं, रश्शाला अंगचा दाटपणा येतो आणि तुकडा हाडापासून सुटतो. याला वेळ लागतो, आणि वेळ हेच स्लो कुकरचं भांडवल. पण छातीच्या मांसात कोलॅजेन फारच कमी. तिथे विरघळण्यासारखं काही नाही, म्हणून सहा तासांत फक्त पाणी निघून जातं आणि हाती उरतो कापूस. तेव्हा बोनलेस ब्रेस्ट आणू नका. मांडी आणि तंगडी, हाडासकट. बेंगळुरूत रसेल मार्केटमध्ये जा नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानात, नुसते लेग पीस मागा आणि मांडी-तंगडी वेगळी करून घ्या. ‘करी कट’ नको. त्यात हाडांच्या बारीक कपच्या निघतात आणि छोटे तुकडे लवकर विरतात.

खरं सोनं म्हणजे गावरान कोंबडी. इथे तिला ‘नाटी कोळी’ म्हणतात. कन्नडमध्ये कोळी म्हणजे कोंबडी, आपल्या वेसाव्याच्या मंडळींनी रागावू नये. नाटी कोळीचं सारू आणि नाचणीचा मुद्दा हे म्हैसूर-मंड्याकडचं जेवण. ब्रॉयलर सहा आठवड्यांचा होण्याआधी कापला जातो. गावरान कोंबडी कित्येक महिने उकिरडे उकरत हिंडलेली असते, तिचं कोलॅजेन घट्ट विणलेलं असतं. ब्रॉयलरच्या हाडासकट मांडीला ‘लो’वर साडेपाच-सहा तास पुरे, नाटी कोळी आठ तास आरामात घेते आणि प्रत्येक तासागणिक सुधारते. ब्रॉयलर आठ तास ठेवलात तर सुतं होतात.

आता लिंबू. या पाककृतीच्या परदेशी रूपात पिवळ्या मोठ्या लिंबाच्या चकत्या सुरुवातीलाच चिकनवर पसरतात. फोटो छान येतो. आपल्याकडे तसं करू नका.

एक तर आपलं कागदी लिंबू म्हणजे त्यांचं लेमन नव्हे. वेगळी जात, साल पातळ, रस जास्त तिखट आंबट. विजापूर जिल्ह्यात इंडी तालुक्यातली लिंबं प्रसिद्ध आहेत, सोलापूरच्या अगदी शेजारचा मुलूख. बेंगळुरूत मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर किंवा के. आर. मार्केटात मिळतात ती असलीच कागदी. दुसरं आणि महत्त्वाचं, लिंबात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि उष्णतेत त्या तीन वेगळ्या तऱ्हेनं वागतात. आंबटपणा सायट्रिक आम्लाचा, तो उडून जात नाही, कितीही शिजवा. सुगंध सालीतल्या तेलांचा, तो वाफेबरोबर पहिल्या तासाभरातच चालता होतो. आणि तिसरा कडवटपणा. सालीखालच्या पांढऱ्या पापुद्र्यात आणि बियांत एक घटक असतो, तो मुळात कडू नसतो, पण आंबट रसात मिसळला की हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात बदलतो. उष्णतेनं हे जोरात होतं. म्हणजे सहा तास लिंबू शिजवलं तर आंबट राहतं, कडू वाढतं आणि ज्यासाठी लिंबू आणलं तो वास जातो. तोटाच तोटा.

शिवाय बटाटा. आंबट पाण्यात भाजीतलं पेक्टिन सुटत नाही, बटाटा तासन्‌तास कडक राहतो. हे आपल्या आज्यांना पेक्टिनचं नाव न घेता माहीत होतं, म्हणून आमटीत चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच पडतं. बेंगळुरूकरांचं रोजचं चित्रान्न पाहा. फोडणी, शेंगदाणे, हळद, भात सगळं एकत्र झालं, गॅस बंद केला, की मग वरून लिंबू पिळतात. शेगडीवर असताना नाही. आपण हाच कानडी नियम चिकनला लावायचा.

लिंबू लावून रात्रभर मुरवत ठेवणंही टाळा. आम्लामुळे मांसाचा बाहेरचा थर पांढुरका, पिठूळ होतो आणि पुढच्या मंद शिजण्यात तो आणखी बिघडतो. मुरवायचंच तर मीठ, हळद आणि आलं-लसूण पुरे.

व्हिडिओत हात चालवत सांगितलं होतं, इथे वाचणाऱ्यांसाठी मापं नीट देतो. चार माणसांचं.

हाडासकट मांडी आणि तंगडी मिळून एक किलो. मध्यम बटाटे तीन, साल काढून जाड फोडी. कांदे दोन. लसूण दहा-बारा पाकळ्या, आलं दोन इंच, हिरव्या मिरच्या तीन, कोथिंबिरीच्या काड्या मूठभर, हे सगळं जाडसर वाटून. काळी मिरी एक चमचा, भरड कुटलेली. हळद अर्धा चमचा. मीठ दोन सपाट चमचे, त्यातलं अर्धं सुरुवातीला आणि बाकीचं चव बघून शेवटी. पाणी फक्त अर्धी वाटी. शेवटासाठी कागदी लिंबं दोन, कोथिंबिरीची पानं, एक चमचा तूप, चार लसूणपाकळ्या आणि कढीपत्त्याची एक काडी.

पाणी अर्धी वाटी ऐकून हात थरथरतो, ठाऊक आहे. पण झाकण बंद असल्यामुळे वाफ बाहेर जात नाही, आणि एक किलो चिकन स्वतःचं भरपूर पाणी सोडतं. दोन वाट्या घातल्या तर संध्याकाळी चिकन नाही, आंघोळ मिळेल.

कांदा कच्चा टाकू नका. स्लो कुकर काहीही लालसर करू शकत नाही, त्यासाठी दीडशे अंशांच्या आसपासची कोरडी आच लागते आणि इथे सगळं पाण्यात, शंभराच्या आत. कच्चा कांदा सहा तासांनी उकडलेल्या कांद्याचाच वास देतो. पण सकाळी कांदा परतायला वेळ कोणाला? म्हणून रविवारी एकदाच सहा-आठ कांदे तेलावर बदामी परता आणि डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. चार दिवस सहज टिकतो, बुधवारचं चिकन होतं, गुरुवारची उसळही होते. शुक्रवारसाठी एक वाटी फ्रीझरमध्ये. माझ्या मते आठवड्याच्या स्वयंपाकातली सगळ्यात फायद्याची अर्ध्या तासाची गुंतवणूक हीच.

भांड्यात रचताना तळाला बटाटे, त्यावर परतलेला कांदा, त्यावर वाटण-हळद-मीठ-मिरी चोळलेलं चिकन. उलटं वाटेल, पण स्लो कुकरमध्ये कंद मांसापेक्षा उशिरा शिजतात, म्हणून ते आचेच्या जवळ हवेत. भांडं निम्मं ते पाऊणच्या आत भरलेलं असावं. त्याहून रिकामं असलं तर करपतं, भरलेलं असलं तर तापायला फार वेळ घेतं. झाकण लावा आणि पुन्हा उघडू नका. दर वेळी उघडलं की साठलेली वाफ जाते आणि गेलेली उष्णता भरून यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

आता सुरक्षेचं. हा भाग गाळून पुढे जाऊ नका. पाच ते साठ अंश हा जंतूंचा आवडता पट्टा. पातेलं गॅसवर ठेवलं की पाच मिनिटांत या पट्ट्यातून पार होतं, स्लो कुकर मात्र हळू चढतो. म्हणून त्यात जाणारं चिकन पूर्ण वितळलेलं हवं. फ्रीझरमधला दगड कधीही टाकू नका, बाहेरून शिजेपर्यंत आत तासन्‌तास कोमट राहतो. चिकन आदल्या रात्री खालच्या कप्प्यात वितळायला ठेवा, भाज्या वेगळ्या डब्यात. चिनीमातीचं भांडंच भरून फ्रिजमध्ये ठेवलं आणि सकाळी थेट गरम बैठकीवर चढवलं, तर भांडं तडकू शकतं. शिजलेल्या चिकनचं आतलं तापमान चौऱ्याहत्तर अंशांवर असायला हवं. टोचून बघायचा थर्मामीटर महाग नसतो, एक घेऊन ठेवा.

‘डिले स्टार्ट’ नावाची सोय काही यंत्रांत असते, सकाळी नऊला भरा आणि दुपारी दोनला सुरू होऊ द्या. भाजीला चालेल. चिकनला नाही. कच्चं चिकन पाच तास बेंगळुरूच्या एप्रिलमध्ये उघड्यावर ठेवण्यासारखंच ते आहे.

आणि वीज. बटणांचे डिजिटल कुकर वीज गेली की बहुधा सगळं विसरतात. मोठ्या सोसायट्यांत जनरेटर असतो, अंधार काही सेकंदांचाच, पण तेवढ्यानंही असं यंत्र बंद पडून तसंच राहू शकतं. मूठ फिरवायचा साधा कुकर वीज आली की आपला पुन्हा तापायला लागतो, म्हणून मी त्याच्या बाजूचा. घरचा इन्व्हर्टर बहुतेक ठिकाणी दिवे-पंख्यांपुरताच जोडलेला असतो, त्याच्या भरवशावर राहू नका. मग तुम्ही ऑफिसात असताना वीज गेली होती का, हे कळायचं कसं? मायक्रोवेव्हच्या घड्याळाकडे बघा. ते लुकलुकत असेल किंवा शून्यावर आलं असेल, तर मधे वीज गेली होती. किती वेळ, हे कोणाकडून नक्की कळलं नाही तर ते चिकन टाकून द्या. उकळून घेऊ, असं म्हणू नका. काही जंतूंची विषं उकळूनही जात नाहीत. फौजेच्या लंगरात जेवण जवानांपुढे जाण्याआधी ड्यूटी ऑफिसर चाखतो, आणि शंका आली तर पातेलं उलटं होतं. चारशे माणसांचं पातेलं उलटं होऊ शकतं, तर आपलं एक किलो चिकनही होऊ शकतं.

याच प्रवाहात राजम्याचा इशारा देतो, कारण स्लो कुकर घेतला की माणूस पहिला मोह राजम्याचा धरतो. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते खळखळ उकळीनेच मरतं. मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देतो. भिजवा, ते पाणी फेका, गॅसवर अर्धा तास खळखळ उकळा, मग हवं तर स्लो कुकरमध्ये घाला.

आता वेळापत्रक, ज्याच्यावर सगळं अडतं. परदेशी पुस्तकांत आठ तासांचा ऑफिसदिवस धरलेला असतो. बेंगळुरूत प्रवास धरून अकरा तास होतात. ब्रॉयलर अकरा तास टिकत नाही. सहा तास ‘लो’ आणि मग आपोआप ‘वॉर्म’वर जाणारं यंत्र असेल तर चालतं. ‘वॉर्म’नं साठ अंशांच्या वर ठेवलं पाहिजे, ते थर्मामीटरनं एकदा रविवारी तपासून घ्या. तरीही तीन-चार तासांपेक्षा जास्त ‘वॉर्म’ मला पसंत नाही.

माझी पसंती रात्रपाळीला. रात्री बारा-साडेबाराला झोपायच्या आधी ‘लो’वर लावा, सकाळी सहाला बंद करा. घरात माणसं आहेत, वीज गेली तर पंखा थांबल्यानं जाग येतेच. अकरालाच झोपणाऱ्यांनी गावरान कोंबडी लावावी, तिला सात-आठ तास मानवतात. सकाळी ते पसरट पातेल्यात काढा, अर्धा-पाऊण तासात निवलं की झाकून फ्रिजमध्ये. चिनीमातीच्या भांड्यात तसंच ठेवलं तर ते तासन्‌तास कोमट राहतं. संध्याकाळी घरी आलात की गॅसवर चढवा, हात-पाय धुऊन येईपर्यंत उकळी फुटते. पाच मिनिटं चांगलं उकळू द्या. रस्सा पातळ वाटला तर दोन-तीन बटाटे डावेनं ठेचा, कॉर्नफ्लोअरची गरज नाही. रात्रभर मुरल्यामुळे चवही दिवसा शिजवलेल्यापेक्षा चांगली लागते. घरून काम करणाऱ्यांनी मात्र दुपारी दोनला लावावं आणि आठला जेवावं, त्यांना रात्रपाळीचं कारण नाही.

शेवटची दोन मिनिटं जेवायला बसायच्या अगदी आधीची. छोट्या कढल्यात तूप तापवा, लसणाच्या चकत्या सोनेरी होऊ द्या, कढीपत्ता टाका आणि ही फोडणी चिकनवर ओता. मंद शिजण्यात भाजल्याचा जो वास मिळत नाही, तो इथे थोडा भरून निघतो. गॅस बंद. आता एका लिंबाची साल बारीक किसणीवर हलक्या हातानं किसा, वरचा हिरवा-पिवळा रंग तेवढा, पांढरं लागलं की थांबायचं. मग दोन लिंबांचा रस, बिया गाळून. उरलेलं मीठ, कोथिंबीर, वरून ताजी मिरी. ढवळा आणि दोन मिनिटं झाकून ठेवा. चाखून पाहा, लिंबं कधी रसाळ असतात कधी नाही, तिसरं हाताशी असू द्या.

बरोबर काय? भात तर आहेच. पण बेंगळुरूत उत्तर कर्नाटकाकडच्या खानावळी आणि दुकानं ज्वारीची भाकरी विकतात, ‘जोळद रोट्टी’ म्हणून. मऊ मिळते, कडकही मिळते. कडक भाकरीचा डबा घरात आठवडाभर पडून राहतो, बुधवारी ती चुरून या रश्शात भिजवली की पोळ्या लाटायचं कामही वाचतं. सोलापूर-विजापूरकडच्या मंडळींना हे मी शिकवायला नको.

एक किलोचं चिकन तिघांच्या घरात उरतंच. उरवायचं असेल तर फोडणी आणि लिंबू घालण्याआधीच तेवढं बाजूला काढा. लिंबू घातलेलं चिकन दुसऱ्या दिवशी गरम केलं की वास नसतो आणि कडवटपणा जिभेच्या मागे लागतो. साधं ठेवलेलं दोन दिवस फ्रिजमध्ये चांगलं राहतं. डब्यात न्यायचं असेल तर सकाळी उकळून थर्मासच्या डब्यात भरा आणि लिंबाची फोड वेगळ्या छोट्या डबीत द्या. ऑफिसात झाकण उघडल्यावर पिळायची.